फोटो भारी आहे, पण दहा सेकंद टिकेल का?

गॅलरी उघडा. तुमच्या मोबाइलची. किती फोटो आहेत? दोन हजार? पाच हजार? स्टोरेज फुल्ल झाल्याचा मेसेज रोज येतो आणि तुम्ही तो रोज बाजूला सारता. बरोबर?

त्यात कंकालेश्वराचं पाण्यातलं प्रतिबिंब असेल. सौताड्याचा धबधबा असेल. पोळ्याला शिंगं रंगवलेली बैलजोडी असेल, जत्रेतला पाळणा असेल. आणि मित्राच्या बुलेटला टेकून काढलेले स्वतःचे पन्नास तरी असतीलच! पण त्यातले चार-दोन फोटो खरंच भारी असतात. तुम्हालाही ते माहिती असतं. स्टेटसला ठेवले की मामेभाऊ बदाम पाठवतो, कॉलेजचा ग्रुप ‘एक नंबर’ म्हणतो, कुणीतरी विचारतं, कुठला कॅमेरा रे?

आता तोच फोटो एका अंधाऱ्या हॉलमधल्या पडद्यावर लावायचा. खाली तुमचं नाव नाही, गाव नाही, फॉलोअर्स नाहीत. समोर तीन अनोळखी माणसं बसलीत. ती तुमच्या मामेभावाला ओळखत नाहीत. दहा-पंधरा सेकंद ती फोटो बघतात, गुण देतात, पुढचा फोटो येतो. संपलं.

कॅमेरा क्लबची स्पर्धा म्हणजे साधारण हे. ऐकायला क्रूर वाटतं ना? पण फोटोग्राफी मनापासून शिकायची असेल तर याच्याइतकी स्वस्त आणि प्रामाणिक शाळा दुसरी नाही. फक्त तिथं काय चालतं, काय चालत नाही आणि बीड जिल्ह्यातून आपण तिथं काय घेऊन जातो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

हे क्लब आले कुठून?

कॅमेरा क्लब म्हणजे मोठ्या शहरातल्या श्रीमंतांचा उद्योग, असं वाटत असेल तर जरा मागे जाऊ. फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला १९ ऑगस्ट १८३९ रोजी, पॅरिसमध्ये. म्हणून तर १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. लंडनमध्ये फोटोग्राफरांची सोसायटी निघाली १८५३ मध्ये आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. एका वर्षाचाच फरक! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते. पेशाने डॉक्टर आणि आवडीने फोटोग्राफर. म्हणजे मराठी माणूस या छंदात पहिल्या बाकावर होता.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९४८ पर्यंत. त्या संस्थानाचे फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. मूळचे सर्व्हेअर, सरकारी नोकरी सोडून कॅमेऱ्यामागे गेलेले. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला आणि पुढे सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला. एकेका फोटोसाठी काचेची प्लेट आणि जड कॅमेरा वाहून नेणाऱ्या या माणसाचं काम आजही देशोदेशी संग्रहालयांत जपलेलं आहे. आपल्या खिशात त्याहून कितीतरी सोयीचा कॅमेरा आहे आणि आपण त्याने जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो, असो!

मुंबईत १९३७ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. देशभरातल्या क्लबांना एकत्र बांधणारी ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ १९५३ मध्ये निघाली. जागतिक पातळीवर ‘फियाप’ नावाची संघटना १९५० पासून आहे. या संघटनांच्या मान्यतेने होणाऱ्या प्रदर्शन-स्पर्धांना ‘सलॉन’ म्हणतात. घाबरू नका, केस कापत नाहीत. पॅरिसच्या जुन्या चित्रप्रदर्शनांवरून आलेला हा शब्द आहे. सलॉनमध्ये तुमचा फोटो निवडला गेला की त्याला ‘अॅक्सेप्टन्स’ म्हणतात. ठरावीक अॅक्सेप्टन्स जमले की नावापुढे लावायच्या पदव्याही मिळतात. पण ते पुढचं. सुरुवात होते ती क्लबच्या महिन्याच्या साध्या स्पर्धेपासून.

तुमचा बैल ‘निसर्गात’ बसत नाही!

स्पर्धेत फोटो पाठवायचा म्हणजे आधी विभाग निवडायचा. ओपन कलर, मोनोक्रोम, नेचर, ट्रॅव्हल, फोटोजर्नलिझम हे नेहमीचे विभाग. नवखी मुलं अर्धी लढाई इथंच हरतात. फोटो चांगला असतो, पण चुकीच्या खोलीत जाऊन बसतो.

उदाहरण घ्या. पावसात चिंब भिजलेला तुमचा बैल, मागे काळं आभाळ. जबरदस्त फोटो. तुम्ही तो नेचरला पाठवता आणि तो बाद होतो. का? कारण नेचर विभागात पाळीव प्राणी चालत नाहीत. बागेत लावलेलं संकरित गुलाबही चालत नाही. माणसाच्या हाताच्या खुणा, म्हणजे कुंपण, विजेचा खांब, रस्ता हेही सहसा चालत नाही. ज्या प्राण्याची गोष्टच माणसाने बदललेल्या जागेशी जोडलेली आहे, तेवढाच अपवाद. खांब खोडून टाकला तर? तेही नाही. या विभागात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. फार तर कडेने कापायचं, उजेड-रंग जरा नीट करायचा. तुमचा बैल ओपन कलरमध्ये पाठवा, तिथं त्याचं स्वागत आहे.

मोनोक्रोमचंही तसंच. सगळा फोटो काळा-पांढरा आणि एकट्या नवरीची साडी लाल, असा फोटो लग्नाच्या अल्बमला शोभतो. मोनोक्रोममध्ये तो बाद. एकच रंगछटा संपूर्ण फोटोत हवी.

नेचरसाठी आपल्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य आहे पाटोदा तालुक्यात. आष्टीच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट आहेत. जरूर जा, पण परवानगी घेऊन आणि अंतर राखून. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, कालचा नाही. दाणे टाकून जवळ बोलावणं, मोबाइलवर आवाज वाजवून फसवणं, घरट्याजवळची फांदी मोडून ‘क्लीअर’ फोटो मिळवणं हे प्रकार करू नका. अनेक भारतीय स्पर्धांत घरट्यावरच्या पक्ष्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत. फोटोसाठी अंडी उघडी पडतात आणि कावळा वरून बघतच असतो.

सगळ्यांनी काढलेला फोटो

परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने आजवर काय काय पाहिलेलं असतं? जेजुरीत उधळलेला भंडारा. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारं पोरगं. छपराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात चाक फिरवणारा कुंभार. बिडीचा धूर सोडणारे पांढऱ्या दाढीचे आजोबा. शेकडो वेळा! यातला प्रत्येक फोटो पहिल्यांदा कुणीतरी काढला तेव्हा तो नवा होता. आता तो छापील पत्रिकेसारखा झालाय, फक्त नावं बदलायची.

म्हणून कंकालेश्वराचं प्रतिबिंब पाठवताना स्वतःला विचारा, यात माझं काय आहे? देऊळ ज्याने बांधलं त्याचं कसब आहे, पाणी शांत राहिलं ही पाण्याची कृपा आहे. मी काय केलं?

१७ सप्टेंबर २०२५ आठवा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वे निघाली. पिढ्यान् पिढ्या ‘रेल्वे येणार, रेल्वे येणार’ ऐकलेला जिल्हा तो. त्या दिवशी जो तो मोबाइल उंच धरून इंजिनाचा फोटो घेत होता. हार घातलेलं इंजिन, झेंडे, गर्दी. पण इंजिनाकडे पाठ करून गर्दीकडे कॅमेरा वळवला असता तर? ज्या म्हाताऱ्याने सगळं आयुष्य एसटीच्या धक्क्यांत काढलं, तो रुळाकडे कसा बघतो? नातवाला खांद्यावर घेतलेल्या बाईच्या डोळ्यांत काय असतं? तो फोटो इंजिनाचा नसता, पण रेल्वेचा असता. आणि तो आपल्या जिल्ह्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याला मिळाला नसता.

आषाढी वारीचंही असंच. मुक्ताबाईंची पालखी बीडमधून जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. सगळे कॅमेरे टाळ-मृदंग आणि तुळशीवृंदावनाकडे. पण पहाटे मुक्कामाच्या शाळेच्या ओट्यावर स्वतःचे पाय दाबत बसलेला वारकरी? चपला शिवून देणारा? संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा या दोन विषयांवर फोटोंची अख्खी पुस्तकं केली. एकदा जाऊन, चार क्लिक मारून ती झाली नसती. एकाच विषयाकडे परत परत जावं लागतं. पहिल्या वेळी आपण गर्दी बघतो, चौथ्या वेळी माणसं दिसायला लागतात.

आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. ‘बाहेर फिरून फोटो काढायला घरचे सोडत नाहीत’ ही अडचण खरी आहे, ती कमी लेखायची नाही. पण आजीची गोधडी शिवणारी बोटं, बारशाच्या बायका, हापशावरची पहाटेची रांग, स्वयंपाकघरात धुरातून येणारा उजेड या जागा अशा आहेत जिथं शहरातून लाखाचा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला शिरताच येत नाही. तुम्ही तिथं आधीच आहात.

आईचा फोटो कोण काढणार?

आता जरा अवघड भागाकडे येऊ.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रक, ट्रॅक्टर भरतात. भांडी, शेळी, तान्हं लेकरू, कोयते सगळं चढतं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मग पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. तुमच्यापैकी कितीतरी जणांना हे सांगायची गरज नाही. तुमचेच आई-वडील आत्ता कोपीवर असतील आणि तुम्ही होस्टेलवर किंवा आजीजवळ.

या विषयाचे फोटो स्पर्धांत येतात. दुष्काळाचे येतात, भेगाळलेल्या जमिनीचे येतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मराठवाडाभर कॅमेरे फिरले. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हाही फिरले. त्यातलं काही काम फार मोलाचं होतं, त्यामुळे प्रश्न चव्हाट्यावर आले. पण काही जण नुसते येतात, फडात उभं राहून सांगतात, ‘ताई, हसू नका, जरा डोक्याला हात लावा.’ फोटो निघतो. नाव दिलं जातं ‘वेदना’. कुठल्या तरी हॉलमध्ये त्याला बक्षीस मिळतं. ताईला ते कधीच कळत नाही.

नियमाने बघितलं तरी हे चूक आहे. फोटोजर्नलिझम विभागात मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग चालत नाही. पण नियम बाजूला ठेवा. तो फोटो खोटा आहे, कारण ती बाई त्या क्षणी हसत होती. दिवसभर मोळ्या वाहूनही हसत होती. तिचं हसू काढून घेऊन तिचं दुःख विकलं, याला काय म्हणायचं?

सुधारक ओलवे यांचं काम बघा. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस, घाणीच्या ढिगावरचा माणूस. बघवत नाहीत असे फोटो आहेत. पण फोटोतला माणूस तुमच्याकडे दयेची भीक मागत नाही. तो तुम्हाला प्रश्न विचारतो. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनीही ग्रामीण बायकांच्या कष्टांवर फोटोंचं प्रदर्शन केलं. त्यात बाई राबताना दिसते, बिचारी म्हणून दिसत नाही. या दोन कामांत आणि ‘वेदना’ नावाच्या फोटोत फरक कुठल्या लेन्सचा नाही.

मग आपण काय करायचं? फोटोच काढायचे नाहीत का? उलट! तुम्हीच काढले पाहिजेत. आई कोयत्याला धार कशी लावते, कोपीत शिरताना कशी वाकते, गाडी भरून झाल्यावर फळीवरून उतरताना काय पुटपुटते हे तुम्हाला माहितीये. बाहेरच्याला ते कळायला वर्ष लागेल. फक्त तीन साध्या गोष्टी पाळा.

पहिली, विचारा. ‘काढू का?’ एवढंच. घरच्यांनाही विचारा. आई असली म्हणून तिचा फोटो आपल्या मालकीचा होत नाही. तिनं ‘नको, साडी फाटलीय’ म्हटलं तर नको. पदर सावरायला वेळ द्या.

दुसरी, दाखवा आणि सांगा. हा फोटो मी स्पर्धेला पाठवणार आहे, अनोळखी लोक बघतील, कदाचित पेपरात येईल. चालेल का? आणि जमलं तर एक प्रिंट काढून हातात द्या. चार बाय सहाच्या प्रिंटला फार पैसे लागत नाहीत आणि ती कोपीच्या कुडाला वर्षानुवर्षं लटकते.

तिसरी, नाव विचार करून द्या. ‘गरिबी’, ‘संघर्ष’, ‘पोटासाठी’ असली नावं सोडा. ‘पहाटे चार, तिसरी मोळी’ हे नाव बघा कसं वाटतं. जे दिसतं तेच सांगा, बाकीचं बघणारा समजून घेईल.

लबाडीचे तीन किस्से

थोडीशी लबाडी कोण पकडतंय, असं वाटत असेल तर हे वाचा.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्र स्पर्धा जगातली सगळ्यात मानाची. २०१७ मध्ये तिथं ब्राझीलमधला एक फोटो एका विभागात पहिला आला. रात्री चमचमणारं वारूळ आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ प्राणी. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की, हा प्राणी तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात ठेवलेल्या पेंढा भरलेल्या नमुन्यासारखाच दिसतो. तज्ज्ञांनी केस-पट्टे जुळवून पाहिले आणि एप्रिल २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला, पण निकाल बदलला नाही.

दुसरा किस्सा जानेवारी २०१६ चा, सिंगापूरचा. निकॉनच्या तिथल्या शाखेने एका फोटोला बक्षीस दिलं. शिडीच्या बरोबर मधल्या चौकोनातून उडणारं विमान. बक्षीस काय तर एक ट्रॉली बॅग! लोकांनी फोटोचा उजेड वाढवून बघितला तर विमानाभोवती पांढरा चौकोन स्पष्ट दिसला. चिकटवलेलं विमान. इंटरनेटवर मग शिड्यांतून काय काय उडवलं लोकांनी, विचारू नका. कंपनीला माफी मागावी लागली.

तिसरा किस्सा उलटा आहे. एप्रिल २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात जर्मन कलाकार बोरिस एल्डागसेन यांचा फोटो जिंकला आणि त्यांनी बक्षीस नाकारलं. का? कारण तो फोटो नव्हताच, एआयने बनवलेलं चित्र होतं. स्पर्धा यासाठी तयार आहेत का हे आपल्याला बघायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्या धक्क्यानंतर ‘मूळ फाइल दाखवा’ ही अट ठिकठिकाणी जास्त कडक झाली. मोबाइलमधल्या एका बटनाने आभाळ बदलता येतं, मागचा माणूस गायब करता येतो. करून बघायला हरकत नाही, पण तो फोटो कुठल्या विभागात चालतो हे आधी वाचा. मूळ फोटो तर कधीच डिलीट करू नका. उद्या विचारलं तर तोच तुमचा साक्षीदार आहे.

पाठवण्याआधी एवढं बघा

‘माझ्याकडे डीएसएलआर नाही’ हे कारण आता पुरत नाही. बऱ्याच स्पर्धांत पडद्यावर दाखवायचा फोटो १९२० बाय १०८० पिक्सेलचा मागतात. हिशेब करा, साधारण २० लाख पिक्सेल होतात. तुमच्या मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो त्याच्या सहापट आहे. बारा बाय अठरा इंचांची मोठी प्रिंट मागितली तर मात्र मोबाइलवर झूम करून काढलेला फोटो फुटतो. म्हणून झूम करू नका, चार पावलं पुढे जा.

फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवू नका, तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ई-मेल करा. फोटोवर स्वतःचं नाव, लोगो, नक्षीची चौकट नको. परीक्षकाला तुमचं नाव कळता कामा नये, हा तर सगळ्या खेळाचा पाया आहे. एकच फोटो नाव बदलून पुन्हा पाठवणंही बंद.

आणि पैसे भरण्याआधी नियमांचं पान शेवटपर्यंत वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि साधारणपणे फोटो ज्याने काढला त्याचाच तो असतो. पगारावर किंवा पैसे घेऊन कुणासाठी काढून दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण काही स्पर्धांच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की, पाठवलेला प्रत्येक फोटो आयोजकांना कायमचा, फुकट, कुठंही वापरता येईल. बक्षीस एकाला आणि फोटो सगळ्यांचे! स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरता वापर ठीक आहे, पण जाहिरातीसाठी कायमचा हक्क मागत असतील तर दोनदा विचार करा. परीक्षक कोण ते आधी सांगितलेलं नाही, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ‘टॉप’ सर्टिफिकेट आहे आणि त्या सर्टिफिकेटचे वेगळे पैसे आहेत, अशी स्पर्धा दिसली तर तेवढ्या पैशांत प्रिंट काढा. त्यापेक्षा तेच बरं.

पहिल्या वेळी निवड होणार नाही, हे धरूनच चाला. दुसऱ्या वेळीही कदाचित नाही. पण क्लबच्या स्पर्धेची खरी कमाई बक्षिसात नसते, निकालानंतरच्या चर्चेत असते. ‘डाव्या कोपऱ्यातला पांढरा ड्रम डोळ्याला खेचतो.’ ‘क्षितिज वाकडं आहे.’ ‘एक पाऊल डावीकडे असतास तर दोन माथी एकावर एक आली नसती.’ अशी तीन वाक्यं ऐकली की पुढचे तीनशे फोटो सुधारतात. ‘एक नंबर’ हे ऐकून आजवर कुणाचा एकही फोटो सुधारलेला नाही.

तालुक्यात क्लब नसेल तर?

मग काढा ना! त्याला ऑफिस लागत नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही. अंबाजोगाई असो, माजलगाव असो, गेवराई नाहीतर धारूर, कॉलेजात आठ-दहा जण जमले की झालं. महिन्याचा एक शनिवार ठरवा. एक विषय ठरवा आणि तो सोपा नको, जवळचा हवा. ‘सूर्यास्त’ नको, ‘आठवडी बाजार उठल्यावर’ घ्या. ‘निसर्ग’ नको, ‘आमच्या गल्लीतलं झाड’ घ्या. सीताफळाचा हंगाम घ्या, बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे, पण ते डोंगरातून उतरवून आणणाऱ्या बाईचा चांगला फोटो आहे का कुणाकडे? परळीच्या औष्णिक केंद्राचा धुरकट प्रकाश काळ्या-पांढऱ्यात काढा.

प्रत्येकाने दोनच फोटो द्यायचे. एकाने ते गोळा करायचे, नावं काढून नंबर टाकायचे, आणि त्याने स्वतः त्या महिन्यात भाग घ्यायचा नाही. वर्गातला प्रोजेक्टर मागून घ्या, नाहीतर लॅपटॉप चालेल. परीक्षक गटाबाहेरचा हवा. गावातला फोटो स्टुडिओवाला असेल, चित्रकलेचे सर असतील, एखाद्या मॅडम असतील. त्यांना एकच विनंती करायची, प्रत्येक फोटोबद्दल एक चांगली गोष्ट आणि एक खटकलेली गोष्ट सांगा. नावं शेवटी उघड करायची. कुणाचा पाय ओढायचा नाही, कुणाची खोटी वाहवा करायची नाही.

एवढा एकच नियम सांभाळणं सगळ्यात अवघड जाईल, सांगून ठेवतो. मित्राच्या तोंडावर ‘हा फोटो जमला नाही’ म्हणायला धाडस लागतं आणि ते ऐकून घ्यायला त्याहून जास्त. पण सहा महिने हे टिकलं तर तुमच्या गटातला एखादा फोटो मुंबई-पुण्याच्या पडद्यावर जायच्या लायकीचा झालेला असेल. तो फोटो कुठल्याही पर्यटकाला काढता आला नसता असा, तुमच्या शिवारातला, तुमच्या माणसांचा आणि त्या माणसांना विचारून काढलेला असेल.

पहिल्या शनिवारचा विषय ठरवायला लागा. आणि हो, त्या दोन हजारांतले एकोणीसशे फोटो आजच डिलीट करा. उरलेल्या शंभरांत तुमचे दोन सापडतील.